पे ऑफ, पे डाउन आणि माझे ‘वाचलेले’ २२ हजार

व्हिडिओत हा विषय घाईत झाला, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

लॉकडाउनमध्ये दुकान बंद, हप्ते थकले. एका फायनान्स कंपनीचे ६२ हजार बाकी होते. फोन आला, “सर, ४० हजार भरा, सेटल करून टाकू.” मी खूश! २२ हजार वाचले ना! दोन वर्षांनी माल भरायला कर्ज पाहिजे होतं, बँकेत गेलो. साहेबांनी क्रेडिट रिपोर्ट उघडला. त्यात ‘क्लोज्ड’ नव्हतं, ‘सेटल्ड’ होतं. म्हणजे या माणसानं पूर्ण पैसे दिलेले नाहीत. कर्ज नाकारलं. बीबीए झालेला मी, पण या एका शब्दानं अडकलो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. धंद्याला फाडफाड इंग्रजी लागत नाही, पण पैशाचे पाच-सहा शब्द पक्के लागतात. कर्जाचे कागद आपल्या वाशीतही बऱ्याचदा इंग्रजीत येतात आणि सही आपलीच असते.

आता शब्द बघा. ‘पे’च्या मागचं शेपूट बदललं की अर्थ बदलतो.

पे बॅक : घेतलेले पैसे परत देणं.
पे ऑफ : कर्ज पूर्ण फेडणं, बाकी शून्य.
पे डाउन : थोडं थोडं भरून बाकी कमी करणं. कर्ज अजून आहेच!
पे अप : तगादा लागल्यावर, मनात नसताना देणं. सोयाबीन विकूनही उधारी न देणारं गिऱ्हाईक शेवटी देतं ना, तसं.
पे इन : खात्यात भरणं. बँकेतली पे-इन स्लिप तुम्ही कितीदा तरी भरली असेल.
पे आउट : समोरच्याला रक्कम देणं. विमा कंपनी क्लेम देते, तो पेआउट.

आणि सगळ्यात घातक शब्द, राइट ऑफ. बातमीत ‘बँकेनं कर्ज राइट ऑफ केलं’ ऐकलं की आपण म्हणतो, माफ झालं. नाही! बँकेनं ते फक्त आपल्या हिशेबातून बाजूला काढलेलं असतं, वसुली चालूच राहते. माफी म्हणजे वेव्हर. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत शेतकऱ्यांचं २ लाखांपर्यंतचं पीककर्ज सरकारनं भरलं, ती गोष्ट वेगळी.

इंग्रजीला हसू नका. आपल्याकडंही ‘कर चुकता केला’ म्हणजे भरला आणि ‘कर चुकवला’ म्हणजे बुडवला. तिथं आपण फसत नाही, कारण लहानपणापासून ऐकतोय. इंग्रजीचंही तसंच, कानावर पडू द्या.

काहीजण म्हणतील, “एजंट सांगतो की समजावून.” अहो, एजंटला त्याची वसुली दिसते, तुमचं पुढचं कर्ज नाही. म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : “रिपोर्टवर क्लोज्ड येणार का सेटल्ड?” उत्तर लेखी घ्या. पूर्ण फेडल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट हातात पडल्याशिवाय उठू नका.

मी शेवटी उरलेली रक्कम भरली, सर्टिफिकेट घेतलं, रिपोर्ट दुरुस्त करून घेतला. पण सीझन गेला तो गेलाच. वाचलेले २२ हजार मला फार महाग पडले.

तुमच्या कर्जाचा कागद आज कपाटातून काढा. न कळलेला शब्द कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत घेतो.