नळाला पाणी आलं, पण ते कसलं?

देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून ओळीने कितीतरी वर्षं पहिला नंबर मिळवणारं इंदूर. २०२५चा डिसेंबर संपत आला असताना त्याच इंदूरच्या भागीरथपुरा भागात घराघरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. शेकडो माणसं आजारी पडली, अनेकजण दगावले. शोध घेतल्यावर सापडलं काय? पिण्याच्या पाण्याची मुख्य जलवाहिनी गळत होती आणि तिच्या वरच एक शौचालय बांधलेलं होतं. रस्ते रोज झाडले जात होते, ओला-सुका कचरा वेगळा होत होता, पण जमिनीखाली काय चाललंय ते कुणी पाहिलंच नव्हतं.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारीत, पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात ‘जीबीएस’ची साथ आली. गिया बारे सिंड्रोम हे नाव तोवर आपल्यापैकी कुणी ऐकलंही नव्हतं. साधं पोट बिघडतं, मग काही दिवसांनी हातापायांतली शक्तीच जाते. दोनशेहून जास्त रुग्ण सापडले, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं, काही दगावले. तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू निघाला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली.

ही झाली मोठी शहरं. तिथे टीव्हीचे कॅमेरे पोचतात, केंद्राचं पथक पोचतं. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात मात्र गॅस्ट्रोची साथ आली की पेपरात आतल्या पानावर दोन कॉलमची बातमी, ‘पाणी उकळून प्या’ असं सांगत फिरणारी रिक्षा, आणि पंधरा दिवसांत सगळं विसरलेलं. खरं तर धोका आपल्याकडे जास्त आहे. कसा, ते जरा नीट समजून घेऊ या.

मी राहते त्या गावात एक दिवसाआड पाणी येतं, तेही तासभर. बऱ्याच मैत्रिणींकडे चार-चार, आठ-आठ दिवसांनी येतं. आपण म्हणतो, पाणी कमी येतं ही अडचण. पण पाणी थांबून थांबून येणं हा नुसता अडचणीचा नाही, आरोग्याचाही प्रश्न आहे. पाइपात पाणी जोरात वाहत असतं तेव्हा गळतीच्या जागेतून ते बाहेर पडतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत शिरतं. आता तुमच्या गल्लीतला पाइप कुठून गेलाय ते आठवून बघा. नव्वद टक्के गल्ल्यांत तो गटाराला खेटून नाहीतर गटारातूनच गेलेला दिसेल! त्यात आपण नळाला थेट मोटर लावतो. दाब कमी म्हणून शेजारच्यांनी लावली, मग आपणही लावली. ती मोटर नुसतं पाणी ओढत नाही, फुटक्या जोडातून गटारही ओढते. म्हणजे टाकीतून निघालेलं पाणी शुद्ध असलं तरी हंड्यात पडेपर्यंत तसंच राहील याची खात्री नाही.

याच वाटेवरचा राखणदार म्हणजे क्लोरीन. शुद्धीकरण केंद्रात किंवा टाकीत टीसीएल पावडर अथवा क्लोरीन वायू घालतात तो एवढ्याचसाठी. जंतू मरायला निदान अर्धा तास लागतो आणि त्यानंतरही थोडा क्लोरीन पाण्यात उरायला लागतो, म्हणजे वाटेत काही शिरलं तर त्याचा बंदोबस्त होईल. भारतीय मानक ब्यूरोचा आयएस १०५०० हा पिण्याच्या पाण्याचा मानदंड सांगतो की लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही सापडता कामा नये. एकही! आपल्या पालिकेच्या फलकावर हे दोन आकडे कधी वाचल्याचं कुणाला आठवतंय का?

हा क्लोरीन रोज मोजायचा असतो आणि वहीत लिहायचा असतो. ती वही खोटी निघाली तर काय होतं, हे कळायला एक दूरची गोष्ट सांगते. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं गाव आहे, पाच हजारांच्या आतबाहेर वस्तीचं. आपल्याकडे एवढ्या वस्तीला खेडंच म्हणतील. मे २०००मध्ये तिथे चार-पाच दिवस जोराचा पाऊस झाला. गावाला पाणी देणारी एक विहीर उथळ होती, शेजारी गुरांचं शेत. शेणखतातले जंतू पावसाबरोबर विहिरीत उतरले. क्लोरीन पुरेसा असता तर तिथेच थांबले असते. पण पाणीपुरवठा सांभाळणारे दोघे भाऊ वर्षानुवर्षं क्लोरीन कमी घालत होते, आणि न मोजताच वहीत ०.५, ०.७५ असे छान छान आकडे लिहीत होते. गावकऱ्यांची क्लोरीनच्या वासाबद्दल कुरकुर होती, आणि ते स्वतःसुद्धा बिनक्लोरीनचं पाणी बिनधास्त पीत होते.

१७ मेला प्रयोगशाळेने पाणी दूषित असल्याचा अहवाल पाठवला. तो पाणी खात्याच्या व्यवस्थापकाने दाबून ठेवला. गावात मुलांना रक्ताचे जुलाब होऊ लागले. जवळच्या ओवेन साउंडमधल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. क्रिस्टन हॅलेट यांना दोन मुलांवरून शंका आली आणि त्यांनी आरोग्य खात्याला कळवलं. खात्याने विचारलं तर उत्तर आलं, ‘पाणी ठीक आहे.’ शेवटी २१ मेला आरोग्य खात्याने स्वतःच्या जबाबदारीवर ‘पाणी उकळून प्या’ असा इशारा दिला. तोवर व्हायचं ते झालं होतं. सातजणांचा जीव गेला, २३००हून जास्त लोक आजारी पडले. जंतू होते ई-कोलायचा एक घातक प्रकार आणि कॅम्पायलोबॅक्टर. हो, पुण्यात सापडला त्याच जातीचा.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने २००२मध्ये अहवाल दिला. दोघा भावांना दोष दिलाच, त्यांना पुढे शिक्षाही झाली. पण आयोग तिथे थांबला नाही. सरकारने १९९६मध्ये पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळा बंद करून काम खासगीकडे दिलं होतं, आणि दूषित पाण्याचा अहवाल आरोग्य खात्याला कळवलाच पाहिजे असं बंधन खासगी प्रयोगशाळांवर घातलं नव्हतं. विहिरीवर क्लोरीन सतत मोजणारं यंत्र असतं तर ही साथ आलीच नसती, असं आयोगाने स्पष्ट म्हटलं. त्याच वर्षी ऑन्टारिओत सुरक्षित पेयजलाचा नवा कायदा झाला.

श्रीमंत देश, शिकलेलं गाव, तरी हे घडलं. आपल्याकडच्या वह्यांत काय लिहिलं जातं, हे तपासणारं कोण आहे?

आता यात बाईचा प्रश्न कुठे आला, असं कुणी विचारील. पाणी भरणं, गाळणं, साठवणं, उकळणं हे तर आपल्याकडेच आहे, घरात जुलाब झाले तर रात्रभर जागणंही आपल्याकडेच. पण त्याहून गंभीर एक गोष्ट आहे. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा ‘ई’ नावाचा प्रकार आहे. धडधाकट माणूस त्यातून बहुधा बरा होतो. गरोदर बाईला मात्र शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीसजणी दगावू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९५५-५६मध्ये दिल्लीत पूर आल्यावर नाल्याचं सांडपाणी यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत चढलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्यातही गरोदर बायकांचे मृत्यू जास्त होते. तो ‘ई’ प्रकार होता हे पुष्कळ वर्षांनी कळलं. आपल्याच इचलकरंजीत २०१२मध्ये काविळीची मोठी साथ आली, सिमल्यात २०१५-१६मध्ये आली. माहेरी बाळंतपणाला आलेली लेक नळाचं पाणी पिते तेव्हा एवढं सगळं पणाला लागलेलं असतं.

आणखी एक अडचण. ही कावीळ जंतू पोटात गेल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी दिसते. म्हणजे आज डोळे पिवळे झाले, तर दोष महिना-दीड महिन्यापूर्वीच्या पाण्याचा. तोवर पाइप बदललेला असतो, पाणी स्वच्छ झालेलं असतं, आणि साहेब खुशाल सांगतात, ‘आमचे नमुने शुद्ध आले!’ म्हणूनच साथ आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. रोजची तपासणी हवी.

खेड्यांसाठी थोडी सोय झाली आहे. २०१९मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण देऊन तपासणी संच द्यायचा, असं ठरलं. पण ही योजना ग्रामीण भागाची. नगरपालिका, नगरपंचायतीची गावं त्यात बसत नाहीत. शहरांसाठी २०२१पासून अमृत २.० योजना आहे. २०२३च्या नोव्हेंबरात तिच्यात ‘जल दिवाळी’ नावाने बचत गटाच्या बायकांना शुद्धीकरण केंद्रं दाखवली, पाणी तपासायलाही शिकवलं. पण दिवाळी तीन दिवसांची, पाणी बारा महिन्यांचं. ओडिशाने मात्र हे कायमचं काम केलं. तिथल्या शहरांत बचत गटाच्या ‘जलसाथी’ बायका मीटर वाचतात, पाणीपट्टी गोळा करतात आणि दारात पाणी तपासून दाखवतात. पुरी शहरात २०२१पासून चोवीस तास, नळाला तोंड लावून पिता येईल असं पाणी देण्याची योजना सुरू झाली. आपल्याकडे कराडजवळच्या मलकापूरने तर त्याच्याही कितीतरी आधी चोवीस तास पाण्याची योजना करून दाखवली. म्हणजे छोट्या गावाला हे जमत नाही, असं म्हणायला जागा नाही.

बरं, घरोघरी आरओ आलेत, थंड पाण्याचे जार येतात, मग काळजी कशाला? ज्याला परवडतं त्याने घ्यावं. पण जारवर ना कंपनीचं नाव, ना परवान्याचा नंबर, तर ते पाणी कुठलं हे कोण सांगणार? पुण्याच्या साथीत काही खासगी आरओ केंद्रांचं पाणीही खराब निघालं आणि ती बंद करावी लागली. शिवाय धुणीभांडी करणारी, रोजंदारीवर जाणारी बाई आरओ कुठून आणणार? आपण आपल्यापुरतं यंत्र बसवलं की नळाच्या पाण्याबद्दल बोलणं सोडून देतो. मग बोलायला उरतात त्या, ज्यांचं कुणी ऐकत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागात आठवडाभर गढूळ पाणी आलं. मी चौकशीला गेले. ‘मॅडम, सगळीकडेच तसं येतंय,’ असं मला सांगण्यात आलं. क्लोरीनची नोंदवही बघायला मागितली तर आधी ‘ती साहेबांकडे असते’, मग ‘साहेब मीटिंगला गेलेत’. दुसऱ्या दिवशी आम्ही सातजणी गेलो, तेव्हा वही निघाली. महिनाभर रोज एकच आकडा, एकाच शाईत! आम्ही लेखी अर्ज दिला, पोच घेतली. चार दिवसांत गल्लीच्या तोंडाशी खोदकाम झालं आणि फुटका जोड सापडला. एकटीला वही दिसली नाही, सातजणींना दिसली.

तेव्हा मैत्रिणींनो, करता येण्यासारखं बरंच आहे.

नळाचं पहिलं पाच मिनिटांचं पाणी पिण्यासाठी भरू नका, झाडांना, सांडायला वापरा. नळाला थेट मोटर लावू नका, आणि गल्लीने मिळून ते ठरवा, कारण एकीने सोडून भागत नाही. पाणी गढूळ किंवा वासाचं असेल, पावसाळा असेल, घरात गरोदर बाई वा तान्हं मूल असेल, तर पाणी खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळा आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. तुरटीने गाळ बसतो, पण तेवढ्याने जंतू मरतात असं समजू नका. जुलाब सुरू झाले की लगेच ओआरएस द्या आणि आरोग्य केंद्राला कळवा. एका गल्लीतली तीन घरं एकदम आजारी पडली, ही माहिती कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी आपल्याकडे असते.

क्लोरीन बघायचा संच महाग नसतो. बाटलीत नळाचं पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले आणि रंग पिवळा झाला, तर क्लोरीन आहे. रंगच आला नाही, तर नाही. तपासलेलं पाणी मात्र फेकून द्यायचं. विष्ठेचे जंतू ओळखायला एच-टू-एस बाटली मिळते. ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२मध्ये ही साधी पद्धत मांडली. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं तर पिऊ नये. बचत गटाने दोन-चार बाटल्या आणल्या तरी गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळाचं पाणी तपासता येईल. शेवटचं टोक महत्त्वाचं, कारण टाकीपाशी क्लोरीन असतोच, संपतो तो वाटेत.

आणि एक मोठी संधी समोर आहे. कितीतरी वर्षं रखडलेल्या नगरपालिकांच्या निवडणुका २०२५च्या डिसेंबरात झाल्या. ५० टक्के आरक्षणामुळे सभागृहात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपली नगरसेविका हळदीकुंकवाला येते, तेव्हा तिला वाण द्या आणि सोबत एक अर्जही द्या. मागण्या तीनच. क्लोरीनचा रोजचा आकडा पालिकेच्या दारातल्या फलकावर लिहावा. महिन्याचा प्रयोगशाळेचा अहवाल सर्वांना बघायला ठेवावा. गटारातून गेलेल्या जलवाहिन्यांची यादी करून त्या कधी हलवणार ती तारीख द्यावी. पाणीपुरवठा हे पालिकेचं कायद्याने बंधनकारक काम आहे, आणि पाणीपट्टी आपण स्वच्छ पाण्यासाठीच भरतो. उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहेच.

पुढच्या वेळी नळाला पाणी आलं की हंडा लावण्याआधी गल्लीतल्या दोघी-तिघींना हाक मारा आणि ओटीचे थेंब टाकून बघा. रंग आला नाही, तर तसंच उठून, सगळ्याजणी मिळून पालिकेत जा.