भातसानगरचे देणे

मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे. त्यांपैकी ७ लाख १७ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मी, एकट्या भातसा जलाशयाची. हे आकडे मुंबईकर दर पावसाळ्यात वृत्तपत्रांतून वाचतो. ज्या शहापूर तालुक्यात हे पाणी अडविले आहे, तेथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे मात्र त्याच्या क्वचितच ध्यानी येते. संग्रहालयाने कोणाची तहान भागत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पाण्याचे देणे पाण्यानेच फिटले पाहिजे. परंतु या शहराकडे दुसरेही एक देणे आहे आणि त्याविषयी आम्ही आज लिहीत आहोत. शहापूर व मुरबाड या तालुक्यांचे मिळून एक संग्रहालय भातसानगर येथे व्हावे आणि त्यात मुंबईने भागीदार व्हावे, अशी आमची सूचना आहे.

तेथे दाखविण्याजोगे आहे काय, असे कोणी विचारील. निजामशाही वाचविण्याची शहाजीराजांची अखेरची झुंज १६३६ साली ज्या माहुलीवर झाली, ती माहुली शहापुरात आहे. मुरबाडच्या वैशाखऱ्याहून चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांचा शिलालेख आहे. सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. हे निदान पुस्तकांतून तरी आले आहे. खैरापासून कात पाडणाऱ्या कातकऱ्यांची भांडी, ठाकरांची वाद्ये, वारल्यांचे लग्नचौक, आणि मुख्य म्हणजे धरणाखाली गेलेल्या घरांची व शिवारांची आठवण, यांना मात्र कोठेच छप्पर नाही. तरुणपणी ज्यांनी ती घरे उठताना पाहिली, ते आज सत्तरीच्या पुढे आहेत.

संग्रहालय हे शहरातच शोभते, हा समज औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्येच खोटा ठरविला. राहिला पैसा व व्यवस्था यांचा प्रश्न. त्याचे उत्तर मुंबईच्या भायखळ्यात आहे. तेथील १८७२ सालचे संग्रहालय, आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, जीर्णावस्थेला पोहोचले होते. २००३ मध्ये महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी त्रिपक्षीय करार केला आणि २००८ मध्ये ती वास्तू पुन्हा लोकांना खुली झाली. एकाची वास्तू, दुसऱ्याचे ज्ञान व तिसऱ्याचे द्रव्य असा तो मेळ होता. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने तर २०१५ पासून फिरत्या बसमधून संग्रहालय गावोगाव नेले. उपक्रम स्तुत्य आहे. पण बस संध्याकाळी परत जाते.

भातसानगरच्या करारात भायखळ्याला नसलेला एक चौथा पक्ष असावा लागेल: ज्यांच्या वस्तू, ती माणसे. जलसंपदा खात्याने धरणाच्या वसाहतीतील एखादी इमारत द्यावी, महापालिकेने द्रव्य द्यावे, मुंबईच्या संग्रहालयांनी जतनाची विद्या शिकवावी, हे सारे ठीक. परंतु गावकऱ्यांनी केवळ वस्तू आणून द्यावयाच्या आणि उद्घाटनाच्या दिवशी मांडवात बसावयाचे, अशी भागीदारी असेल तर ती न झालेली बरी. कणगी असो की वाद्य, त्याची मालकी देणाऱ्या घराची राहावी; संग्रहालयाकडे ते ठेव म्हणून असावे व मागताच परत मिळावे. व्यवस्थापक मंडळात दोन्ही तालुक्यांच्या ग्रामसभांचे प्रतिनिधी निम्म्याने असावेत. राखणदारापासून अभिरक्षकापर्यंतच्या जागा तेथल्याच तरुण-तरुणींना शिकवून द्याव्यात. करार निदान दहा वर्षांचा असावा, कारण इमारतीस पैसे मिळतात, पण पाचव्या वर्षीच्या वीजबिलास व पगारास कोणी वाली नसतो. संग्रहालये बंद पडतात ती तेथेच.

महापालिकेचा पुढील अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडला जाईल. त्यात या कामासाठी स्वतंत्र शीर्ष उघडावे आणि तोवर, इमारतीची वाट न पाहता, बुडीत गावांतील वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यास तरी आरंभ करावा.