संदर्भांची मोजणी आणि विंचवाचा निबंध

क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी जगभरातील हजारो शोध-नियतकालिकांचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' जाहीर करते. त्या हिशेबात २०२५ मध्ये एक बदल झाला. खोटेपणामुळे किंवा चुकांमुळे मागे घेतलेल्या शोधनिबंधांचे संदर्भ, आणि अशा निबंधांनी इतरांचे दिलेले संदर्भही, आता त्यात धरले जात नाहीत. तोवर ते धरले जात होते. ज्या आकड्यावर अध्यापकांच्या बढत्या आणि संशोधनाचे अनुदान ठरते, तो आकडा कशाचा बनलेला असतो याची कल्पना यावरून यावी.

हिशेब तसा साधा आहे. एखाद्या नियतकालिकाने दोन वर्षांत शंभर निबंध छापले आणि त्यापुढील वर्षी इतरांच्या लेखनात त्यांचा तीनशे वेळा संदर्भ आला, तर इम्पॅक्ट फॅक्टर झाला तीन. अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली आणि त्यातूनच साठच्या दशकात हा आकडा जन्मला. सूचीत कोणती नियतकालिके घ्यायची, ग्रंथालयाने कोणती मागवायची, एवढ्यापुरता त्याचा उपयोग होता. माणसे मोजायला तो नंतर वापरला गेला.

सरासरी किती फसवी असते, याचा नमुना 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या 'अ' विभागात पाहायला मिळतो. २००८ मध्ये तिथे जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एका संगणकप्रणालीविषयीचा निबंध आला. स्फटिकांची रचना शोधणारे जवळपास सगळेच ती प्रणाली वापरत, त्यामुळे त्या एका निबंधाला हजारो संदर्भ मिळाले आणि जेमतेम दोन असलेला इम्पॅक्ट फॅक्टर २००९ साली ४९.९ वर गेला. इथे फसवणूक कोणाचीच नव्हती. पण त्याच अंकात आणखी काही छापून आलेले लेखकही कागदोपत्री एकदम पंचवीस पट मोठे झाले.

शिवाय संदर्भ कौतुकाचा की टीकेचा, हे मोजणाऱ्याला कळत नाही. गोवरप्रतिबंधक लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ मधील निबंध 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. हजाराहून अधिक निबंधांत त्याचा उल्लेख आहे आणि त्यातील बहुतेक त्याला खोडून काढणारे आहेत. मोजणीत मात्र तो 'प्रभावी' निबंधच ठरतो.

ही झाली मोजपट्टीतली खोट. नीतीचा प्रश्न येतो तो पट्टी ताणण्यापाशी. 'सायन्स'मध्ये २०१२ साली अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि व्यवस्थापन या क्षेत्रांतील ६,६७२ जणांचे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. आमच्या नियतकालिकाचे आणखी संदर्भ घाला, असे संपादकांनी कोणतेही शास्त्रीय कारण न देता सुचवल्याचा अनुभव सुमारे २० टक्के लोकांनी नोंदवला. हे गैर आहे, असे ८६ टक्के म्हणाले. तरीही अशी मागणी करणाऱ्या नियतकालिकाकडे निबंध पाठवताना आधीच चार अनावश्यक संदर्भ घालू, असे ५७ टक्क्यांनी सांगितले. दरवाजा ज्याच्या हातात, त्याच्याशी वाद घालण्याची चैन नोकरीच्या शोधातील तरुण संशोधकाला परवडत नाही.

ब्राझीलमध्ये वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी तर आपसांतच व्यवस्था लावली होती. एकाच्या लेखात दुसऱ्याचे संदर्भ घाऊक प्रमाणात घालायचे आणि दुसऱ्याने ती परतफेड करायची. २०१३ मध्ये अशा चार नियतकालिकांचे इम्पॅक्ट फॅक्टर निलंबित झाले. त्या देशात तेव्हा पदव्युत्तर विभागांचे मूल्यमापन याच आकड्यावर चालत असे. आकडा नसेल तर चांगले निबंध येत नाहीत आणि चांगले निबंध नसतील तर आकडा वाढत नाही, ही त्या संपादकांची कोंडी खरी होती. म्हणून देवाणघेवाण क्षम्य ठरत नाही. पण शिक्षा संपादकांना झाली आणि कोंडी करणारा नियम सुटला, हेही खरे.

या सगळ्यात रुग्णाचा काय संबंध? एखाद-दुसऱ्या रुग्णाची नोंद करणाऱ्या छोट्या लेखांना संदर्भ कमी मिळतात. त्यांच्यामुळे सरासरी घसरते, म्हणून अनेक संपादकांनी असे लेख कमी केले किंवा बंदच केले. डॉक्टरला नवे काही पहिल्यांदा दिसते ते बहुधा अशाच नोंदीतून.

महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाची लक्षणे टिपली आणि १९८२ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये मांडली. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध या दंशावर कसे चालते, हे त्यांनी त्याच दशकात दाखवले. पूर्वी गंभीर दंशाचे तीस-चाळीस टक्के रुग्ण दगावत. ते प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आल्याचा कोकणातील अनुभव आहे. हा निबंध ज्यांच्या कामाचा, ते प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर. रात्री दोन वाजता दंश झालेल्या मुलाला गोळी देणारा डॉक्टर दुसऱ्या दिवशी शोधनिबंध लिहायला बसत नाही. त्याने वाचले, वापरले, जीव वाचवला, संदर्भ शून्य. लिहिणारे ज्या विषयांवर जास्त, त्याच विषयांना संदर्भ जास्त. विंचू चावतो ते बहुधा शेतात राबणाऱ्यांना.

आपल्याकडील नियम याच मोजणीला गुण देतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या नियतकालिकातील निबंधाला पाच वाढीव गुण आहेत, तर तो दहाच्या वर असल्यास तीस. गुणांच्या शर्यतीबरोबर बोगस नियतकालिकांचा बाजारही वाढला. विद्यापीठांच्या शिफारशीने आयोगाच्या यादीत शिरलेल्या, पण मान्यताप्राप्त सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक सुमार असू शकतात, असे पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील संशोधकांचा सहभाग असलेल्या पाहणीने २०१८ मध्ये दाखवले. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावे वगळली. नंतर 'केअर' ही नवी यादी आली आणि तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द झाली. नियतकालिकाचा दर्जा आता संस्थांनीच ठरवायचा आहे.

यादी जाणे बरेच झाले, असे म्हणता येईल. पण निवड समितीसमोर अर्जांचा गठ्ठा असतो आणि हाताशी एक दुपार. निबंध वाचून निर्णय घ्यायचा तर तो वाचणार कोण आणि कधी, याची सोय कोणत्याही परिपत्रकाने केलेली नाही; आणि आकड्याचा रकाना अर्जात अजून आहे.