मुदत संपणाऱ्या डॉक्टरला पुढची जागा शोधायला साथ द्या : कोल्हापुरातील रुग्णालयीन डॉक्टरांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. अधिष्ठाता, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, कोल्हापूर
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका

महोदय,

छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या (सीपीआर) वॉर्डांत, इचलकरंजीच्या आयजीएम रुग्णालयात, गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि शहरातल्या खासगी आयसीयूंत रात्रपाळी करणारे अनेक तरुण डॉक्टर मुदतीवर असतात. कुणाचे बंधपत्राचे वर्ष, कुणाचे अकरा महिन्यांचे कंत्राट, कुणाचे वरिष्ठ निवासीपद. मुदत कधी संपणार हे रुजू होतानाच ठरलेले असते, पण पुढे काय, हे विचारणे कुणाचेच काम नसते. दुसरीकडे चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीकडे डॉक्टर टिकत नाहीत ही तक्रार जुनीच आहे. जागा शोधणारा डॉक्टर आणि डॉक्टर शोधणारे रुग्णालय एकाच जिल्ह्यात असून त्यांची गाठ पडत नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी, की शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टरांसाठी पदमार्गदर्शन कक्ष सुरू करावा आणि त्यावर नावानिशी एक ज्येष्ठ अध्यापक नेमावा. मुदत संपण्याआधी तीन महिने प्रत्येक डॉक्टरला तिथे बोलावले जावे. जिल्हा परिषद, महापालिका, राष्ट्रीय आरोग्य अभियान आणि धर्मादाय रुग्णालये यांच्या रिक्त जागा दरमहा एकाच यादीत तिथे लागाव्यात. आज थेट मुलाखतीची जाहिरात निघते आणि पाळीवरच्या डॉक्टरला ती कळेपर्यंत तारीख उलटून गेलेली असते.

या कक्षाचे खरे मोल सल्ल्यात आहे. बंधपत्र मोडल्यास एमबीबीएसला 10 लाख आणि पदव्युत्तर डॉक्टरला 50 लाख रुपये भरावे लागतात. एवढ्या मोठ्या रकमेचा निर्णय आमची मुले कॅन्टीनमधल्या ऐकीव माहितीवर घेतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2025 च्या नियमांनुसार 220 किंवा अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयात दोन वर्षे काम केलेल्या पदव्युत्तर तज्ज्ञाला वरिष्ठ निवासीपदाशिवायही सहायक प्राध्यापक होता येते. मात्र जैववैद्यकीय संशोधनाचा पायाभूत अभ्यासक्रम दोन वर्षांत पूर्ण करावा लागतो. ही वाट खुली असल्याचे तज्ज्ञाला वेळेवर कुणी सांगितले, तर तो अध्यापनाकडे वळेल. ब्रिटनमध्ये दर ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी हजारो प्रशिक्षणार्थी डॉक्टर जागा बदलतात, आणि प्रत्येकामागे त्याच्या वाटचालीची विचारपूस करणारा एक शैक्षणिक पर्यवेक्षक असतो. तेवढी माणसे आपल्याकडे नाहीत हे आम्ही जाणतो, पण एक अध्यापक आणि एक लिपिक देणे जिल्ह्याला जड नाही.

दुसरी मागणी कागदपत्रांची आहे, आणि ती आम्हाला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. अनुभवाचा दाखला, थकीत वेतन किंवा विद्यावेतनाचा हिशेब आणि मूळ प्रमाणपत्रे शेवटच्या दिवशीच हातात पडली पाहिजेत. दाखल्याविना पुढची मुलाखत होत नाही, आणि तो मिळवायला खेटे घालणाऱ्याला या काळात पगारही नसतो.

खासगी रुग्णालयांतल्या निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांची (आरएमओ) अवस्था याहून बिकट आहे. त्यांत बीएएमएस, बीएचएमएस झालेले पुष्कळ आहेत. काही ठिकाणी नेमणूकपत्रच दिले जात नाही, तर काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली जातात. म्हणजे वर्षानुवर्षे रात्री जागलेला डॉक्टर कागदावर कुठेच काम केलेला नसतो! महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 नुसार होणाऱ्या नूतनीकरणाच्या वेळी महापालिकेने आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी डॉक्टरांची नेमणूकपत्रे तपासावीत. मूळ प्रमाणपत्र अडकवून ठेवणाऱ्यांना लेखी समज द्यावी.

मुलाखतीसाठी वर्षातून चार दिवस पगारी रजा मिळावी आणि पाळी बदलून देण्याची जबाबदारी विभागाने घ्यावी. आज ती बदली सहकाऱ्यांच्या मेहेरबानीवर होते. पती-पत्नी दोघेही डॉक्टर असतील तर कंत्राटी जागा देतानाही त्यांच्या एकत्रीकरणाचा विचार व्हावा. दोघांना जवळपासच्या तालुक्यांत जागा मिळाल्या, तर ते जोडपे आजऱ्यातही घर करायला तयार होईल.

पगारवाढ आणि कायम नेमणुका हे प्रश्न आमच्या दृष्टीने तितकेच मोठे आहेत, पण ते राज्य शासनाच्या हाती आहेत. इथे मांडलेल्या बहुतेक गोष्टी कोल्हापुरातच ठरू शकतात. आपण चौघांनी एकत्र बसून आमच्या प्रतिनिधींना महिन्याभरात भेटीची वेळ द्यावी आणि कक्ष कधी सुरू होणार, त्याची तारीख त्या बैठकीतच लेखी द्यावी, ही विनंती.

आपले नम्र,
कार्यकारिणी व सभासद