साठवले म्हणजे जपले का?

आपल्या वार्षिकांकाचे जुने खंड ग्रंथालयात आहेत. पाने पिवळी पडली, कडांना कसर लागली. तरी मराठी आणि कन्नड हे दोन्ही विभाग आजही वाचता येतात. माझ्या टेबलाच्या खणात मात्र संगणकाची एक जुनी चकती आहे. तिच्यावर ओरखडाही नाही. पण ती वाचता येत नाही. चिठ्ठीवर माझेच अक्षर आहे : ‘जात्यावरच्या ओव्या, 1999’.

विद्यार्थिदशेत आम्ही चौघांनी खेडोपाडी हिंडून त्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. सगळ्या एका चकतीत मावल्या, म्हणून मी वह्या रद्दीत घातल्या. आज ती चकती चालवणारा ड्राइव्ह कॉलेजात उरलेला नाही. दोष यंत्राचा नव्हे, माझ्या समजुतीचा.

यंत्रे खरोखर कौतुकाचीच होती. 1985 साली आलेल्या अटारी एसटी या घरगुती संगणकाची फ्लॉपी फार तर 720 किलोबाइटची. पुढे त्याला सायक्वेस्टची 44 मेगाबाइटची, काढता-घालता येणारी चकती जोडता येऊ लागली. म्हणजे साठांहून अधिक फ्लॉप्यांचा ऐवज एका डबीत! आयोमेगाच्या ‘बर्नुली बॉक्स’ची युक्ती तर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी अशी. वेगाने फिरणारी लवचीक चकती हवेच्या दाबामुळे हेडच्या अगदी जवळ ओढली जाई. वीज गेली की ती आपोआप दूर होई, आणि हेड आपटून मजकूर नष्ट होण्याचा धोका टळे. डॅनियल बर्नुलीने 1738 साली ग्रंथात मांडलेले तत्त्व असे संगणकाच्या कामी आले. 1995 साली ‘झिप’ बाजारात आली. एका चकतीत 100 मेगाबाइट, म्हणजे सुमारे सत्तर फ्लॉप्या!

परंतु एका कंपनीची चकती दुसरीच्या यंत्रात चालत नसे. 1998 साली सायक्वेस्ट दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी, झिपचे ड्राइव्ह टक्‌टक्‌ आवाज करीत बंद पडतात म्हणून आयोमेगावर ग्राहकांनी दावा गुदरला. पुढे स्वस्त सीडी आणि पेनड्राइव्ह आले, आणि ही सारी कुळी अडगळीत गेली. चकत्या राहिल्या, वाचणारे गेले.

जुना ड्राइव्ह शोधल्यास मिळेल, असे संगणक विभागातील सहकारी म्हणतात. मी शोधतोच आहे. पण एका यंत्राच्या शोधावर ज्याचे अस्तित्व टांगलेले आहे, ते जपलेले कसे म्हणावे? आजचे पेनड्राइव्ह आणि मोबाइल यांचेही भवितव्य याहून निराळे असेल, असे मला वाटत नाही.

माझे म्हणणे एवढेच : साठवणे हे एकदाचे काम आहे, जपणे हे दरवर्षीचे. प्रत्येक विभागाने वर्षातून एक दिवस जुना मजकूर नव्या साधनावर उतरवावा, आणि महत्त्वाचे तेवढे कागदावर छापून ग्रंथालयात द्यावे.

ज्या आजींनी आम्हांला ओव्या सांगितल्या, त्यांच्याजवळ कोणतेच यंत्र नव्हते. त्या लेकी-सुनांसमोर पुन:पुन्हा गात राहिल्या, म्हणून ओव्या आमच्यापर्यंत पोहोचल्या. त्यांच्या काही सुनांना थोड्याफार अजून आठवतात, असे कळते. येत्या सुट्टीत मी वही घेऊन पुन्हा त्या गावांना जाणार आहे. विद्यार्थिमित्रहो, बरोबर कोण येणार?