औषधाने व्रत मोडत नाही

आषाढी एकादशी येते तेव्हा कोकणात भातलावणी ऐन भरात असते. रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीसारख्या वाड्यांतून कित्येक माउल्या त्या दिवशी निरंकार राहून चिखलात वाकलेल्या असतात. आधार काय तो कोरा चहा आणि मिश्री. रात्री कीर्तनास बसतात त्या पोट दाबून धरूनच. विचारले तर म्हणतात, “बुवा, पोटात आग पडते, पण इतकी वर्षे पाळलेली एकादशी सोडवत नाही.”

या आगीशी आमचाही परिचय जुना आहे. कीर्तनकाराचे जेवण यजमानाच्या सवडीने, म्हणजे बहुधा मध्यरात्री. आणि एकादशीस साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे, दाण्याची आमटी. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनी उगाच केलेली नाही! जठरास दिवसभर ताटकळत ठेवून रात्री त्यावर तेलातुपाचा मारा करणे, यास उपवास म्हणणे आम्हांस तरी जड जाते.

माधवनिदानात अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण आहे. अलीकडे, १९८२ साली, ऑस्ट्रेलियातील मार्शल व वॉरन यांनी जठरात वस्ती करणारा एक जंतू शोधला. त्याबद्दल २००५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. जठराची सूज व व्रण यांचे तो एक मोठे कारण असून योग्य औषधांनी तो बहुधा नाहीसा होतो. दुसरे कारण गुडघेदुखीच्या गोळ्यांचे. लावणीच्या दिवसांत त्या सर्रास, तेही रिकाम्या पोटी, घेतल्या जातात. तेव्हा हे दुखणे पूर्वकर्माचे म्हणून सोसण्याचे कारण नाही.

राहिला प्रश्न धर्माचा. ज्यांनी व्रताचा भंग होत नाही अशा आठ गोष्टी विदुरनीतीत सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमूळ, फळ व दूध आहे, गुरूची आज्ञा आहे आणि औषधही आहे. शास्त्राने इतकी मोकळीक दिली असता कडकपणा आला कोठून? आमच्या मते शेजारणीच्या डोळ्यांतून! सूनबाई दूध प्यायली याची चर्चा पारावर होते. तिच्या पोटदुखीची होत नाही.

मात्र शौचास डांबरासारखे काळे होणे, रक्ताची उलटी, ही लक्षणे दिसल्यास द्वादशीची वाट न पाहता त्याच दिवशी महाडास नेऊन डॉक्टरांस दाखवावे.

यंदा पूर्वरंगास आरंभ करण्यापूर्वीच आम्ही हे सांगणार आहोत. ज्यांची गोळी राहिली असेल त्यांनी तेथेच घ्यावी. पाण्याचा तांब्या आमच्याजवळ असतोच.