कालव्याची दारं आणि खोटी बचत

इंग्लंडमध्ये नॅरोबोट भाड्याने घेऊन कालव्यातून फिरायचं म्हटलं, की आमच्या ऑनसाइट ग्रुपमध्ये दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, "ताशी चार मैल? त्यापेक्षा चालत जा ना!" दुसरी, "असल्या हौशी लोकांच्या सुट्टीसाठी सरकारने पैसे का ओतायचे?" पहिलीवर मी हसतो, कारण वेगमर्यादा खरंच तेवढीच आहे. माझं भांडण आहे ते दुसरीशी.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कालवा टेकडी चढतो तो लॉकच्या जोरावर. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. बोट आत घ्यायची, मागची दारं लावायची, विंडलास नावाच्या लोखंडी हँडलने पुढची झडप उचलायची. वरचं पाणी आत येतं, बोट वर येते. दारांची जोडी मिटताना वरच्या पाण्याकडे टोक करते, त्यामुळे पाणीच ती घट्ट दाबून धरतं. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत कितीही जोर लावा, दार हलणार नाही. ना सेन्सर, ना कोड! डिव्हायझेसजवळ केन हिलला असे २९ लॉक दोन मैलांत २३७ फूट चढतात. आम्ही चौघांनी ते एका दिवसात पार केले. खांदे अजून आठवण काढतात.

आता, इतकं साधं यंत्र म्हणजे ते आपोआप चालतं असा लोकांचा समज होतो. घोळ इथेच आहे. ओकची ती दारं साधारण पंचवीस वर्षांत बदलावी लागतात. बोट गेली की लॉकभर पाणी खाली जातं, ते वर पुरवायला तलाव आणि जुनी मातीची धरणं आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मुसळधार पावसात टॉडब्रुक तलावाचा सांडवा खचला आणि व्हेली ब्रिज गावातल्या सुमारे १,५०० लोकांना घरं सोडावी लागली. हा तलाव कालव्याला पाणी पुरवण्यासाठीच बांधलेला. सांगा बघू, त्या १,५०० जणांपैकी नॅरोबोटवर सुट्टी घालवणारे किती असतील?

आणि सरकार काय करतंय? २०१२ मध्ये इंग्लंड-वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे सोपवले. २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२७ पासून दहा वर्षांत मिळून ४० कोटी १० लाख पाउंड देऊ, पण रक्कम दरवर्षी पाच टक्क्यांनी कमी होत जाईल. म्हणजे दारं म्हातारी होणार आणि पैसे आटणार. वा!

"वापरणाऱ्यांनीच भरावं" म्हणणाऱ्यांना सांगतो, बोटवाले लायसन्स फी भरतातच. काठच्या वाटेवर कुत्रं फिरवणारे, सायकलवाले, धावणारे फुकट येतात, आणि ते तसंच असायला हवं. फुटक्या बांधाचं पाणी मात्र लायसन्स बघून घरात शिरत नाही.

आपल्या धंद्यात हे रोज दिसतं. जुनी सिस्टीम निमूट चालतेय ना, मग तिची माणसं काढा. त्या तिमाहीत मॅनेजर हुशार ठरतो. बिल येतं तेव्हा तो दुसऱ्या कंपनीत असतो.

कालव्यांचं बिल कसं येतं तेही पाहून झालंय. याच केनेट अँड एव्हन कालव्याची देखभाल सुटली आणि १९५० च्या दशकात तो आरपार जाण्याजोगा राहिला नाही. स्वयंसेवकांनी चिखल उपसला, वर्गण्या गोळा केल्या, तेव्हा कुठे १९९० मध्ये राणीच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. जवळजवळ चाळीस वर्षं! याला कोणी बचत म्हणत असेल तर त्याने एकदा केन हिलला यावं. विंडलास मी देतो, २९ लॉक त्याने चढवावेत. मग बोलू.